नवाबाच्या दगडावरचं पाणी

शपथ घेते! गळ्याची शपथ, डोळ्यांची शपथ, आणि डब्यातल्या शेवटच्या बेसनलाडवाचीसुद्धा शपथ! पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. गिरगाव चौपाटीवर मी देवमाशाला चणे चारले होते, ते सोडा. त्यात थोडं इकडचं तिकडे झालं असेल. पण हे खरं! लालबागच्या नवाब चाळीत जाऊन कुणालाही विचारा. अर्थात आता तिथे विचारायला कुणी राहत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर ऐका.

"राजाची कबर? खऱ्याखुऱ्या राजाची?" हितेंद्रने कॉटवरून उडीच मारली.

हितेंद्र राहायचा वरळीला, बीडीडी चाळीत. मे महिन्याच्या सुट्टीत तो लालबागला मावशीकडे आला होता. किल्ले, तोफा, वंशावळी म्हटलं की या मुलाला जेवणाचीही शुद्ध राहायची नाही. त्याचा मावसभाऊ मनू त्याच्याहून लहान, आणि मनूचं सगळं लक्ष जेवणाकडेच.

"राजा नाय रे, नवाब," मनू शेंगदाणे चघळत म्हणाला. "आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात झोपलाय."

"मग घुमट असेल! मिनार असतील! जाळीच्या खिडक्या असतील!"

दारात प्राची उभी होती. दुसऱ्या मजल्यावरची. चाळीतल्या सगळ्या पोरांची कॅप्टन, कुणी न नेमलेली. तिने मनूकडे बघितलं आणि दोघं फिस्सकन हसले.

"चल, दाखवते तुला मिनार," ती म्हणाली. "पण तांब्या तू धरायचास."

मागच्या अंगणात चाफ्याचं एक झाड होतं. झाडाखाली एक काळा दगड. गुडघ्याएवढा उंच, माणूस आडवा झोपेल इतका लांब. वर छप्पर नाही, भोवती कठडा नाही. बस.

"हा?" हितेंद्रचा चेहरा पडला. "याच्यापेक्षा आमच्याकडची कचरापेटी मोठी आहे!"

"हळू बोल! ऐकेल ना तो!" मनूने त्याला कोपर मारलं.

"ऐकू दे," झाडामागून आवाज आला. इब्राहिमचाचा चाफ्याची पानं गोळा करत होते. चाचा माझगावला राहायचे आणि रोज सकाळ-संध्याकाळ कबरीची झाडलोट करायला यायचे. त्यांचे वडीलही यायचे, आजोबाही. "त्याला राग नाही येत, बेटा. राग, हत्ती, गलबतं, सगळं राज्याबरोबर गेलं. कोकणात किनाऱ्यावर त्याचा छोटा किल्ला होता. इंग्रजांनी घेतला आणि याला मुंबईला आणून ठेवलं. याच गल्लीत भाड्याच्या घरात तो वारला. जाताना म्हणाला, माझ्यावर छप्पर घालू नका, छपराखाली पुन्हा राजा व्हावंसं वाटेल. दगडाला फक्त एक खळगा ठेवा. पाखरं पाणी पितील, तेवढं राज्य पुरे."

हितेंद्रने चप्पल काढून बाजूला ठेवली.

दगडावर खरंच एक खळगा होता, नारळाच्या करवंटीएवढा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो रोज भरायचं काम चाळीतल्या पोरांचं. पाणी एकेका घरातून पाळीपाळीने. त्याला म्हणायचं 'नवाबाचं पाणी'. नळाला पाणी असो नसो, स्वतःच्या आंघोळीतून एक तांब्या कमी करायचा, पण ही पाळी चुकवायची नाही. गिरण्या बंद पडल्या आणि घरोघरी चुली थंड झाल्या, तेव्हासुद्धा ती चुकली नव्हती म्हणतात.

हितेंद्रने तांब्या वाकवला.

"थांब!" प्राची ओरडली. "पाणी एका बाजूला का गेलं?"

पत्र्याच्या कुंपणाकडच्या काठाला पाणी टेकलं होतं, आता सांडणार इतकं. आणि चाळीकडची बाजू बोटभर कोरडी!

"तू वाकडं ओतलंस," मनू म्हणाला.

"पाणी वाकडं कसं ओततात रे?" हितेंद्र भडकला.

चाचांनी केरसुणी खाली ठेवली. "गेल्या उन्हाळ्यात काठोकाठ भरायचं," ते हळूच म्हणाले.

कुंपणाच्या पत्र्यांपलीकडे पंप घरघरत होते. तिथे बंद गिरणीची जमीन होती. आता तिथे टॉवर होणार होता, आणि टॉवरच्या आधी त्याचा खड्डा. असा खोल, की गच्चीवरून बघितलं तर तळातला ट्रक काडेपेटीसारखा दिसायचा.

दोन दिवसांनी चाळीत एकच गलका झाला.

"पाणी प्यायला! नवाब पाणी प्यायला!"

ओरडत होते गणपतकाका. काका म्हणजे चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. आवाज असा की माइकने लाजावं. सकाळी भरलेला खळगा दुपारी ठणठणीत कोरडा! त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा पाणी ओतलं. चाळभर माणसं वाकून बघत होती. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी हळूहळू खाली, खाली, खाली गेलं आणि संपलं!

"जागृत आहे!" कुणीतरी म्हणालं आणि हात जोडले.

मग काय विचारता! कुणी अगरबत्ती लावली, कुणी गुलाबाच्या पाकळ्या वाहिल्या, कुणी नारळ फोडला. इब्राहिमचाचा बाजूला उभे राहून एवढंच म्हणत होते, "अरे, तो तर साधा माणूस..." पण त्यांचं ऐकतो कोण!

"उन्हाने सुकलं असेल," मनू म्हणाला.

"डोळ्यांसमोर? एवढ्यात?" प्राचीने मान हलवली. "आमच्या घरात चमत्कार चालत नाही हं. बाबा म्हणतात, आधी तपास करायचा, नंतर बाकीचं."

"मग करू या तपास!" हितेंद्रचे डोळे चमकले. "पाणी जातंय कुठे ते बघायचं. पण पाण्याला पाणी म्हणून ओळखायचं कसं?"

प्राची म्हणाली, "चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला निळा गुलाल उरलाय आमच्याकडे. पिशवीभर!"

दुपारी उन्हाने अंगण ओस पडलं तेव्हा तिघं पाय न वाजवता मागे गेले. खळग्यातल्या पाकळ्या काढल्या तर तळाशी केसासारखी बारीक भेग! मनूने तिच्यावर बोट फिरवलं.

"गार लागतंय," तो कुजबुजला. "आतून वारा येतोय."

प्राचीने बादलीत गुलाल कालवला. निळंशार पाणी खळग्यात ओतलं. ते गेलं. पुन्हा ओतलं. तेही गेलं. बादली रिकामी झाली, तरी त्या दगडाचं पोट भरेना!

मग तिघं धावत गच्चीवर. कठड्याला पोट टेकवून खाली बघत राहिले. ऊन असं, की कठडा चटके देत होता. खड्ड्याची उघडी भिंत दिसत होती: लाल माती, मुरूम, खाली काळा दगड. चाळीकडच्या बाजूला भिंतीला आधाराच्या लोखंडी पट्ट्या अर्ध्यापर्यंतच लागलेल्या. पुढचं काम तसंच टाकलेलं.

"काही नाय दिसत," मनू म्हणाला. "मी जातो. आईने आंबोळ्या केल्यात."

"तो बघ!" हितेंद्रने त्याचा शर्ट पकडला. "तो बघ! कुंपणाच्या खाली!"

लाल मातीतून एक निळी रेघ उतरत होती. आधी दोऱ्याएवढी, मग वेणीएवढी. हितेंद्रने मोबाइलवर फोटो काढला.

खालचे पंप तेवढे घरघरत होते.

"म्हणजे नवाब पाणी पीत नाहीये," हितेंद्र शेवटी म्हणाला.

"नाही," प्राचीचा आवाज बारीक झाला होता. "अंगण आतून फाटलंय. कबर खड्ड्याकडे कलतेय. म्हणून पाणी एका बाजूला जात होतं."

मनूने तोंडातला शेंगदाणा चावायचा थांबवला. "आणि कबरीला लागून कुणाची खोली आहे?"

उत्तर तिघांनाही माहीत होतं. तळमजल्यावर, मागच्या रांगेत, अगदी शेवटची खोली. मनूची आजी, शेवंतीआजी. मोडलेल्या खुब्यामुळे तिला खाटेवरून उठता येत नव्हतं.

तिघं पहिल्यांदा गेले साइटच्या गेटवर. तिथले इंजिनिअर राजेशसाहेब पिवळं हेल्मेट घालून मोबाइलवर बोलत होते. मुलांनी सगळं सांगितलं. साहेबांनी अर्धं ऐकलं, फोटोकडे बघितलंही नाही.

"खोदकाम केलं की जमिनीला घाम येतो, बाळांनो. सगळं कंट्रोलमध्ये आहे. जा, खेळा."

"घाम निळा येतो का, साहेब?" मनूने विचारलं.

साहेबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. मग वॉचमनला हाक मारली, आणि तिघं गेटबाहेर!

घरी सांगितलं. घरोघरी एकच उत्तर: "गणपतकाका बघतील." दुसऱ्या दिवशी प्राचीने महापालिकेचा मदतीचा नंबर फिरवला. पलीकडून बाई शांतपणे म्हणाल्या, "बाळ, तिथे मोठं कुणी आहे का? त्यांच्याकडे दे." नेमके समोरून गणपतकाकाच येत होते. त्यांनी फोन घेतला, हसले, म्हणाले, "काही नाही हो मॅडम. पोरांना सुट्टी लागलीय," आणि बंद केला.

"काका!" प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही एकदा गच्चीवर तरी चला!"

काकांचं हसू मावळलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तिघांना जिन्याखाली ओढलं.

"मी बघितलंय," ते म्हणाले. माइकवाला आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "निळी रेघ काल दिसली, पण भेग मला आधीपासून माहीत आहे."

"मग?"

"मग काय? 'धोकादायक इमारत' अशी पाटी लागली की उद्या पोलीस येऊन खोल्या खाली करतात. लांब कुठेतरी संक्रमण शिबिरात टाकतात. बाजूच्या चाळीतले लोक गेले, त्यांची पोरं तिथेच मोठी झाली. परत कुणी आलं? खोली सोडली की खोली गेली! इथे माझा बाप मेला, त्याचा बाप मेला. पण ही कबर प्रसिद्ध झाली, रांगा लागल्या, तर? मग कुणाची हिंमत आहे चाळीला हात लावायची? त्या बिल्डरलाही काम थांबवावं लागेल. समजलं?"

"आणि त्याच्या आधी पडली तर?" हितेंद्रने विचारलं.

काका जायला वळले. "गुरुवारी संध्याकाळी चाळीतल्यांसाठी कार्यक्रम आहे. चादर पण, आरती पण. शुक्रवारपासून बाहेरच्यांना खुलं. तोंड बंद ठेवा," म्हणाले आणि गेले.

मुलं जिन्याखाली तशीच उभी राहिली. खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसाशी भांडता येतं. घाबरलेल्या मोठ्या माणसाशी कसं भांडायचं, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

गुरुवार आला. चार वाजता मनू आजीला चहा द्यायला गेला आणि धावतच परत आला.

"आजीचं दार लागत नाही!"

तिघं गेले. शेवंतीआजी खाटेवर बसून कप न्याहाळत होती.

"कालपासून दार लागणा नाय," ती म्हणाली. "चौकट वाकडी झाली. आणि ह्या बघ, चायत माती पडता. तुझ्या बापाक किती येळा सांगलंय, वरचा पोपडा काढ म्हणान!"

हितेंद्रने वर बघितलं. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे हात जाईल एवढी फट पडली होती. फटीतून चाफ्याची फांदी दिसत होती.

आणि बाहेर काय चाललं होतं? अंगणात खुर्च्या मांडल्या जात होत्या! लायटिंगच्या माळा लागत होत्या! सगळी चाळ, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, त्या भेगाळलेल्या जमिनीवर येऊन बसणार होती.

"आधी आजी," प्राची म्हणाली. "मग बाकीचे."

"आजी, चल. पुढच्या दारी बसू या," मनूने प्लास्टिकची खुर्ची ओढली.

"मी खंय जाऊचंय नाय! खोली उघडी टाकून जाऊ? ह्या दाराक कुलूपसुद्धा लागणा नाय. उद्या कोण घुसलो म्हणजे? माका शिकवता मेलो!"

"आजी, भिंत पडतेय!"

"पडांदे. माझ्यावर पडांदे. खोलीत मेलंय तर खोली तरी तुमची ऱ्हवात."

मनूने तिच्याकडे बघितलं. मग खुर्ची बाजूला ढकलली आणि खाटेखाली शिरून मांडी घालून बसला.

"मनू! बाहेर ये!" प्राची किंचाळली.

"नाय येत. आजी इथे, तर मी पण इथे."

"ये मेल्या!" आजी खाटेवरून ओरडली. "भायर हो!"

"तू हो आधी."

फटीतून मातीचा एक लोंढा आला आणि आजीच्या पांढऱ्या केसांवर पडला. तिने तो झाडला नाही. खाली वाकायला तिला जमत नव्हतं, तरी तिने हात खाली सोडला आणि चाचपडत मनूचं डोकं शोधलं.

"हाड खोड्याळ," ती म्हणाली. "तुझ्या आजोबावर गेलंस. हाडा ती खुर्ची हकडे, बसतंय मी."

तिघांनी खुर्ची उचलली. आजी होती चिमणीएवढी, पण शिव्या हत्तीएवढ्या! चाळीच्या बोळातून, पुढच्या अंगणात, गेटबाहेर, थेट रस्त्यापलीकडच्या पिंपळाखाली. तिथे तिला ठेवली आणि तिघं धापा टाकत परत फिरले.

मागे माइक सुरू झाला होता. "भक्तजनहो!" गणपतकाका गरजत होते. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. बायका दगडाभोवती दाटीने बसल्या होत्या. पत्र्याचं कुंपण बाहेरच्या बाजूला फुगलं होतं आणि तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"ओरडू या. पळा म्हणून सांगू या," हितेंद्र म्हणाला.

"कुणी नाही ऐकणार. काका माइकवर हसतील आणि सगळे हसतील." प्राचीने ओठ चावला. "असं काय आहे, की जे ऐकल्यावर आपली चाळ कुणालाही न विचारता पळते?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"टँकर!" तिघंही एकदमच म्हणाले.

तुम्हाला चोवीस तास नळ असेल, तर तुम्हाला नाही कळायचं. त्या मे महिन्यात पाणीकपात होती. टँकर यायचा तो गेटवर, न सांगता, कधीही. उशीर झाला तर घरात पाणी नाही, संपलं! त्या चाळीत रामजन्म चालू असता, नवरानवरी बोहल्यावर असते, तरी कळशी वाजली की सगळे पळाले असते.

हितेंद्रने मावशीच्या घरातून दोन रिकाम्या कळश्या उचलल्या आणि दगडी जिन्यावरून खाली सोडून दिल्या. ठण्! ठणाण्! ठण्! मनू हंड्यावर पळी बडवत बोळातून धावला.

"टँकर आला! टँकर! लहान टँकर आहे! संपेल रे! आला, आला!"

माइकवर काकांचं वाक्य अर्धवट राहिलं. एक क्षण, फक्त एक क्षण शांतता. मग खुर्च्या उलटल्या! आरतीचं तबक जमिनीवर! "माझा हंडा!" "अगं पाइप घे, पाइप!" "नंबर धर!" पोरं काखेत, पदर खोचलेले, म्हातारेसुद्धा काठ्या टेकत पळाले. जणू अंगणाचं बूच काढलं आणि माणसं वाहून गेली!

प्राची भिंतीला चिकटून एकेकाला जाताना बघत होती. अंगण रिकामं झालं. पण पूर्ण नाही.

इब्राहिमचाचा कबरीपाशी तसेच बसले होते. फुलांची चादर सारखी करत.

त्यांना कशाला हवा टँकर? ते चाळीत राहतच नव्हते! हे तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"चाचा! पळा!"

"अगं, टँकर तुमचा. मी काय..."

पत्र्यांचं कुंपण नाहीसं झालं. आवाज आधी आलाच नाही. नुसते पत्रे होते तिथे आभाळ दिसायला लागलं. मग चाफा डुलला, वाऱ्याने डुलतो तसा, आणि उभाच्या उभा खाली गेला. त्यानंतर आला तो आवाज!

प्राचीने चाचांचा हात पकडला आणि ओढलं. जमीन पायाखालून तिरकी झाली. काळा दगड त्यांच्या शेजारून घसरत गेला, अगदी सावकाश, फुलांच्या चादरीसकट. चाचांचा पाय फरशीच्या सांध्यात अडकला. ते खाली पडले, प्राचीही पडली, पण तिने हात सोडला नाही.

"सोड, बेटा! सोड!"

"नाही सोडणार!"

धुळीतून कुणीतरी धावत आलं. गणपतकाका! गेटवर टँकर नाही हे बघून ते पोरांच्या कानाखाली वाजवायला परत आले होते. त्यांनी समोर बघितलं. पोटावर आडवे पडून त्यांनी चाचांच्या काखेत हात घातले, आणि दोघांनी मिळून त्यांना बोळात खेचलं. चाचा किंचाळले. पाय मोडला होता. पण बाहेर आले!

ते बोळात पडले आणि मागची अख्खी रांग खाली बसली.

धूळ विरायला फार वेळ लागला. जे दिसलं ते मुलांनी बघायला नको होतं, पण बघितलं. चाळ मधून कापलेल्या पावासारखी उघडी पडली होती. दुसऱ्या मजल्यावर कुणाचातरी पंखा अजून फिरत होता. शेवंतीआजीची खोली जिथे होती तिथे काही नव्हतं. खाट नाही, दार नाही, आणि ती फटसुद्धा नाही. फक्त खड्डा. खड्ड्यात त्या वेळी काम बंद होतं, मजुरांच्या झोपड्या पलीकडच्या टोकाला होत्या, म्हणून वाचल्या.

गेटपाशी माणसं हंडे-कळश्या घेऊन रांगेत उभी होती. कुणी रडत नव्हतं. एक बाई नुसती म्हणत होती, "टँकर कुठाय? टँकर आला होता ना?"

मनू पिंपळाखाली आजीच्या मांडीत तोंड खुपसून बसला होता. आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत रस्त्यापलीकडे बघत होती. त्या दिवशी तिने आणखी शिव्या दिल्या नाहीत.

चाचांना स्ट्रेचरवर ठेवलं तेव्हा त्यांनी प्राचीला जवळ बोलावलं. "दगड गेला?"

तिने होकाराची मान डोलावली.

"पहिल्यांदा राज्य गेलं. मग किल्ला. आता हे," चाचा म्हणाले. मग चाळीकडे बघून म्हणाले, "घर गमावण्यात आज त्याला सोबत मिळाली, बेटा. वाईट सोबत मिळाली."

मग पोलीस आले, बंब आले, आणि ती पाटी आली जिला सगळी चाळ घाबरत होती. राजेशसाहेबांना पोलिसांनी जीपमध्ये बसवलं. गच्चीवरून मोबाइलवर काढलेला निळ्या रेघेचा फोटो हितेंद्रने इन्स्पेक्टरसाहेबांना दाखवला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला आणि विचारलं, "हे मोठ्यांपैकी कुणालाच दिसलं नाही?" त्यावर गणपतकाकांनी स्वतःहून हात वर केला. म्हणाले, "मला दिसलं होतं." आणि तेही जीपमध्ये जाऊन बसले.

चाळीतल्यांची सोय शाळेच्या हॉलमध्ये झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी जबाब घेऊन सोडलेले गणपतकाका तिथे आले. सगळ्यांसमोर उभे राहिले. माइक नव्हता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "ही तीन मुलं नसती, तर आज इथे मोजायला माणसं नसती," ते म्हणाले. "मी घर वाचवायला निघालो होतो. यांनी माणसं वाचवली." त्यांनी प्राचीच्या, हितेंद्रच्या, मनूच्या गळ्यात हार घातले. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या अशा वाजल्या, की परळपर्यंत ऐकू गेल्या!

झाली गोष्ट. सगळी खरी.

काय? असे टक लावून काय बघताय?

बरं बाबा, बरं. एवढं एक मी मनाचं घातलंय. शेवटचं. हार नव्हते. टाळ्या नव्हत्या. गणपतकाका आले खरे, पण छोट्या पोरांच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले आणि उठले नाहीत. हॉलमध्ये जो तो आपलं काय गेलं ते आठवत होता. कुणी म्हणालं, पोरांनी आधीच नीट सांगायला हवं होतं. कुणी म्हणालं, खोटं ओरडायचं नसतं. तिघं कोपऱ्यात एका सतरंजीवर बसले होते. प्राचीच्या नखांत अजून निळा रंग होता आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

ती शाबासकी त्यांना मिळायला हवी होती की नाही, सांगा! कुणी दिली नाही, म्हणून मी दिली.

बाकी शब्द न् शब्द खरा.